मोजून दिलेली समता

एप्रिल २००६ मध्ये नेपाळचे रस्ते एकोणीस दिवस माणसांनी भरून वाहत होते. संचारबंदी मोडून काठमांडूच्या रिंगरोडवर उतरलेल्या त्या गर्दीत बायका होत्या, दलित होते, डोंगरातले मगर-गुरुंग आणि तराईतले थारू-मधेशी होते. २४ एप्रिलला राजा ज्ञानेंद्र नमले आणि चार वर्षांपूर्वी विसर्जित झालेली प्रतिनिधी सभा त्यांना पुन्हा बोलवावी लागली. या सभेने ३० मे रोजी राज्ययंत्रणेत स्त्रियांना तेहतीस टक्के जागा देण्याचा ठराव केला. त्यानंतर जेमतेम पंधरवड्यात, जूनमध्ये, अंतरिम संविधान लिहिण्यासाठी माजी न्यायमूर्ती लक्ष्मणप्रसाद अर्याल यांच्या अध्यक्षतेखाली सहा जणांची समिती नेमण्यात आली. सहाही पुरुष. ओरड झाली, स्त्रियांच्या आणि दलितांच्या संघटना रस्त्यावर आल्या, तेव्हा समितीत आणखी सदस्य घालण्यात आले. प्रसंग लहान आहे, पण पुढच्या वीस वर्षांची चाल त्यात दिसते. ज्यांनी तेहतीस टक्क्यांसाठी हात वर केले त्यांना स्वतः समिती नेमताना त्यातली एकही टक्केवारी आठवली नव्हती, आणि आठवण करून दिल्यावर त्यांनी जुन्या सहांपैकी कुणाला उठवले नाही, फक्त खुर्च्या वाढवल्या. माझे म्हणणे असे आहे की युद्धानंतरच्या नेपाळमध्ये समतेची गाडी जिथे खुर्च्या वाढवून भागत होते तिथे दक्षिण आशियातल्या इतर कुठल्याही देशापेक्षा वेगाने धावली, आणि जिथे आधीपासून बसलेल्याला उठावे लागणार होते तिथे ती अडली. या अडण्याला गरिबी, भूगोल किंवा समाजाचे मागासलेपण ही कारणे पुरत नाहीत. ती बऱ्याच अंशी ठरवून अडवली गेली.

आधीचे राज्य कसे होते ते थोडक्यात सांगायला हवे. जंगबहादुर राणांच्या १८५४ च्या मुलुकी ऐनाने साऱ्या प्रजेची जातवार उतरंड कायद्यात बसवली. कोणत्या जातीच्या माणसाला कोणत्या गुन्ह्यासाठी किती शिक्षा, हेही तीवरून ठरे. १९६३ च्या नव्या ऐनाने ही उतरंड कागदावरून काढली. १९९० च्या जनआंदोलनानंतर बहुपक्षीय लोकशाही आली, पण देश हिंदू राजेशाहीच राहिला. त्या संविधानाने पक्षांवर किमान पाच टक्के स्त्री उमेदवार देण्याचे बंधन घातले, आणि पक्षांनी ते तंतोतंत पाळले, म्हणजे पाच टक्क्यांच्या फारसे वर कुणी गेले नाही. १९९९ च्या निवडणुकीत २०५ जणांच्या प्रतिनिधी सभेत बारा स्त्रिया निवडून आल्या. मंत्रिमंडळ, न्यायपालिका, सैन्य, वरिष्ठ नोकरशाही, सगळीकडे डोंगरी ब्राह्मण आणि छेत्री पुरुषांचे वर्चस्व होते, आणि लोकसंख्येत बाहुन-छेत्री स्त्री-पुरुष मिळून तीस टक्क्यांच्या आतबाहेर आहेत. फेब्रुवारी १९९६ मध्ये माओवादी नेते बाबुराम भट्टराई यांनी पंतप्रधान शेरबहादुर देउवांना दिलेल्या चाळीस मागण्यांत भारताशी झालेले १९५० आणि महाकालीचे करार सर्वांत वर होते, हे खरे. पण खाली मुलीला वडिलांच्या मालमत्तेत हक्क, अस्पृश्यतेचा अंत, जनजातींवरील दडपशाही थांबवणे, धर्मनिरपेक्ष राज्य याही मागण्या होत्या. दिलेली मुदत संपायला चार दिवस असतानाच, १३ फेब्रुवारीला, रोल्पा, रुकुम, गोरखा आणि सिंधुलीत हल्ले झाले आणि माओवाद्यांचे ‘जनयुद्ध’ सुरू झाले. ते दहा वर्षे चालले. सतरा हजारांच्या आसपास माणसे मेली आणि तेराशेहून अधिक आजही बेपत्ता आहेत.

या युद्धात स्त्रिया इतक्या संख्येने का गेल्या, याचे उत्तर विचारसरणीपेक्षा पश्चिम नेपाळच्या अर्थकारणात अधिक सापडते. रोल्पा-रुकुमच्या गावांतले तरुण पुरुष पिढ्यानपिढ्या भारतात कामाला येत होते. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या फाटकांवर आणि हॉटेलांच्या भटारखान्यांत दिसणारी नेपाळी माणसे अशाच डोंगरी गावांतली. मागे उरलेल्या बायकांवर शेत, गुरे, म्हातारे आणि सावकार यांचा भार होता. माओवाद्यांनी दारूबंदी केली, बहुपत्नीत्व आणि बालविवाह याविरुद्ध दंडुका उगारला, आंतरजातीय विवाह लावले. मार्च २००१ मध्ये गोरखाच्या तुरुंगातून सहा स्त्री कैदी बोगदा खणून पळाल्या, तेव्हा ती बातमी पक्षासाठी शंभर पत्रकांपेक्षा मोलाची ठरली. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. घरटी एक माणूस द्या, असा हुकूम अनेक गावांत होता. शाळांतून मुले उचलून नेली जात. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत २,९७३ जण अल्पवयीन असताना भरती झाल्याचे निघाले. त्याच पडताळणीत १९,६०२ लढवय्ये ग्राह्य धरले गेले आणि त्यांत ३,८४६ स्त्रिया होत्या. पक्ष तीस-चाळीस टक्क्यांचा दावा करत असे. प्रत्यक्षात त्या पाचातली एक भरल्या. तरीही, ज्या देशाच्या सैन्यात तोवर स्त्रिया लढाऊ तुकड्यांत जवळपास नव्हत्याच, तिथे हा आकडा मोठा होता. पक्षाच्या केंद्रीय नेतृत्वात मात्र त्या प्रमाणात स्त्रिया नव्हत्या. माओवादी नेत्या हिसिला यमी यांनी ‘पार्वती’ या नावाने युद्ध चालू असतानाच ही तक्रार लिहून ठेवली आहे.

यावरून एक जुना वाद निघतो. बंदुकीने समता आणली, असे माओवादी म्हणतात. युद्ध झाले नसते तरी वकील आणि न्यायालये ते काम करतच होती, असे त्यांचे विरोधक म्हणतात. विरोधकांच्या बाजूने पुरावा आहे. मुलीच्या वारसाहक्कासाठी अधिवक्त्या मीरा ढुंगाना यांची याचिका १९९३ ची, युद्धाच्या तीन वर्षे आधीची. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला वर्षभरात विधेयक आणायला सांगितले. पण ते एक वर्ष सात वर्षांचे झाले. मुलुकी ऐनाची अकरावी दुरुस्ती २००२ मध्ये मंजूर झाली, म्हणजे ग्रामीण भागातल्या बऱ्याच जिल्ह्यांत सरकारची हुकमत जिल्ह्याच्या ठाण्यापुरती उरली होती तेव्हा. त्या दुरुस्तीने गर्भपात कायदेशीर केला आणि मुलीला जन्मतः वाटा दिला. लग्न झाले की मात्र तो माहेरी परत करण्याची अट ठेवली. ती अट २००६ च्या लैंगिक समानता कायद्याने गेली. या तारखा समोर ठेवल्या तर मला दोन्ही बाजू अर्ध्याच खऱ्या वाटतात. मजकूर वकिलांचा होता, तो मंजूर करण्याची घाई युद्धाने निर्माण केली, आणि उरलेली अट उठवायला जनआंदोलन लागले. युद्धाशिवाय हे कधीच झाले नसते, असे म्हणायला आधार नाही. आपल्या आपण आणि वेळेवर होत होते, असे म्हणायला त्याहून कमी आहे. आणि सतरा हजार मृत्यूंची किंमत वारसाहक्काच्या एका कलमाने वळती करून घेण्याचा हिशेब कुणी करू नये.

२१ नोव्हेंबर २००६ रोजी पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवादी नेते पुष्पकमल दाहाल ‘प्रचंड’ यांनी विस्तृत शांतता करारावर सह्या केल्या. युद्धात पाचातली एक असलेल्या स्त्रीची सही त्यावर नाही; त्याआधी नोव्हेंबर २००५ मध्ये दिल्लीत ठरलेल्या बारा कलमी समझोत्यामागेही सगळे पुरुषच होते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा स्त्रिया आणि शांतता यांविषयीचा १३२५ क्रमांकाचा ठराव तेव्हा सहा वर्षांचा झाला होता. पण करारानंतर आलेल्या निवडणूक कायद्यात खरी कमाल झाली. संविधान सभेच्या ६०१ जागांपैकी ३३५ समानुपातिक पद्धतीने भरायच्या, पक्षांच्या यादीत निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि दलित, जनजाती, मधेशी, मागास भाग यांना लोकसंख्येनुसार वाटा. एप्रिल २००८ च्या निवडणुकीनंतर सभेत १९७ स्त्रिया बसल्या, बत्तीस टक्क्यांहून अधिक. ज्या सभागृहात नऊ वर्षांपूर्वी एकही दलित नव्हता तिथे पन्नासच्या आसपास दलित आले. उघडपणे समलिंगी असलेले सुनीलबाबू पंतही सभासद झाले. त्यांच्याच याचिकेवर डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयलिंगी नागरिकांना मान्यता दिली होती. २८ मे २००८ रोजी या सभेने केवळ चौघांचा विरोध असताना राजेशाही संपवली. त्या सभेचे छायाचित्र १९९९ च्या सभेशेजारी ठेवले तर दोन वेगळे देश दिसतील.

यावर काठमांडूच्या चहाच्या टेबलांवर तेव्हापासून ऐकू येणारा आक्षेप असा: या बायका नेत्यांच्या पत्नी, मेहुण्या, भाच्या होत्या, त्यांना ना मजकूर कळत होता ना पक्षाविरुद्ध बोलता येत होते. बंद यादी पक्षाध्यक्षाच्या खिशात असते, त्यामुळे नात्यागोत्याला वाव होता आणि तो घेतला गेला, हे मान्य केले पाहिजे. पण नात्यामुळे निवडून येणारे पुरुष त्या सभेत कमी होते का? नेपाळच्या राजकारणात कोइराला हे आडनाव एक घराणे आहे, आणि त्यातल्या पुरुषांना कुणी ‘समानुपातिक’ म्हणून हिणवले नाही. दुसरे, प्रत्यक्ष मतदारसंघातून तीस स्त्रिया निवडून आल्या आणि त्यांतल्या चोवीस माओवादी होत्या. म्हणजे एका पक्षाने त्यांना जिंकण्याजोग्या जागा दिल्या तेव्हा मतदारांनी त्यांना नाकारले नाही. मतदार स्त्रीला मत देत नाही, हे पक्षांचे आवडते कारण २००८ मध्येच खोटे ठरले होते. तरीही प्रत्यक्ष निवडून येणाऱ्या स्त्रियांचा आकडा २०१३ मध्ये दहावर आला. २०१७ मध्ये १६५ पैकी सहा, २०२२ मध्ये नऊ. मतदार तेच होते, उमेदवाऱ्या बदलल्या. समानुपातिक यादीने एकूण तेहतीस टक्के भरून निघतात, हे कळल्यावर पक्षांनी खऱ्या लढतीच्या जागा पुरुषांसाठी राखल्या. किमान मर्यादा म्हणून घातलेली रेघ पाहता पाहता कमाल मर्यादा झाली, १९९० च्या पाच टक्क्यांसारखीच.

याहून मोठा बदल फारसा गाजावाजा न होता झाला. पहिल्या संविधान सभेत निवडून यायच्या जागांपैकी अठ्ठावन्न टक्के समानुपातिक होत्या. २०१५ च्या संविधानाने २७५ जणांच्या प्रतिनिधी सभेत त्या ११० केल्या, म्हणजे चाळीस टक्के. आणि २०१७ च्या निवडणूक कायद्याने या ११० जागांच्या यादीत ‘खस-आर्य’ (मुख्यतः बाहुन-छेत्री) गटालाही वाटा दिला, तोही सर्वांत मोठा: ३१.२ टक्के. ज्यांच्या वर्चस्वामुळे समावेशनाची गरज पडली त्यांच्यासाठीच राखीव जागा ठेवणारी ही व्यवस्था आहे. त्याला गणिती समर्थन आहे, लोकसंख्येत त्यांचे प्रमाण तेवढेच आहे. पण हाच गट उरलेल्या १६५ प्रत्यक्ष जागांवरही आपल्या प्रमाणाहून पुष्कळ अधिक निवडून येतो, तेव्हा या गणिताला काय म्हणायचे ते वाचकांनीच ठरवावे.

स्थानिक पातळीवरची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते युद्धोत्तर नेपाळची सर्वांत मोलाची कमाई तिथेच आहे. १९९७ नंतर वीस वर्षे स्थानिक निवडणूकच झाली नव्हती. २०१७ मध्ये ७५३ गावपालिका आणि नगरपालिकांसाठी मतदान झाले. प्रत्येक प्रभागात अध्यक्षाखेरीज चार सदस्य, त्यांत दोन स्त्रिया आणि त्यांतली एक दलित, असा कायदा. निवडून आलेल्या सुमारे पस्तीस हजारांपैकी चौदा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या, आणि साडेसहा हजारांहून अधिक दलित स्त्रिया. ज्यांच्या हातचे पाणी गावात चालत नव्हते त्यांची सही प्रभागाच्या ठरावावर येऊ लागली. आता वरच्या खुर्चीकडे पाहू. कायदा असा की प्रमुख आणि उपप्रमुख या दोन पदांसाठी उमेदवार देताना पक्षाने एक स्त्री द्यावी. कोणत्या पदासाठी, ते कायदा सांगत नाही. परिणाम: ७५३ प्रमुखांपैकी अठरा स्त्रिया, आणि उपप्रमुखांपैकी सातशे. भारताच्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने सरपंच आणि सभापती ही पदेच फिरत्या क्रमाने राखीव ठेवली. महाराष्ट्राने २०११ पासून स्त्रियांसाठीचे प्रमाण निम्म्यावर नेले. त्यातून आपल्याकडे ‘सरपंचपती’ नावाचा प्राणी जन्माला आला हे खरे, पण खुर्ची तरी बाईच्या नावाने असते आणि आज ना उद्या तिला ती वापरता येते. नेपाळने उपप्रमुखपद हे जणू स्त्रियांचे आवार ठरवून टाकले. २०२२ मध्ये पक्षांनी आणखी एक वाट काढली. आघाडी करायची, एका पक्षाने प्रमुखपद लढवायचे, दुसऱ्याने उपप्रमुखपद. मग एकच उमेदवार देणाऱ्या पक्षाला स्त्री देण्याचे बंधन लागूच होत नाही. स्त्री प्रमुख अठराच्या पंचवीस झाल्या, पण स्त्री उपप्रमुखांची संख्या शंभराहून अधिकने घसरली.

असे असूनही मी याला मोलाची कमाई म्हणतो, कारण संविधानाने स्थानिक न्यायिक समितीचे संयोजकपद उपप्रमुखाकडे दिले आहे. जमिनीची हद्द, पाण्याचा पाट, मजुरी, म्हाताऱ्या आईबापांचे पालनपोषण, नवऱ्याने सोडलेल्या बाईचा खर्च, असे तंटे या समितीपुढे येतात. सातशे पालिकांत हे तंटे बायकांसमोर मांडले जाऊ लागले, हा बदल कुणी फार विचार करून केलेला नव्हता; दुय्यम पदाला दिलेले ते दुय्यम काम होते. पण बिनमहत्त्वाच्या समजल्या गेलेल्या कोपऱ्यातच कधी कधी खरी सत्ता साचते. या बायकांना कायद्याचे प्रशिक्षण तुटपुंजे मिळाले, कर्मचारी अपुरे होते, प्रमुखांशी खटके उडाले. हे सगळे असून ती अनुभवाची शाळा होती, आणि आघाड्यांची क्लृप्ती तिच्याच पटावरची मुले कमी करते.

समावेशनाला दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जात, भाषा, प्रदेश यांच्या नावाने वाटे पाडत गेलो तर देश फुटेल. युद्धातून उठलेल्या समाजाला एकत्वाची गरज असते, ओळखींच्या भांडणांची नव्हे. वरवर पाहता मधेशचा इतिहास याला पुष्टी देतो. जानेवारी २००७ मध्ये अंतरिम संविधान जारी होताच मधेशी जनाधिकार फोरमच्या कार्यकर्त्यांनी काठमांडूत त्याच्या प्रती जाळल्या. तराईतल्या ‘लहान’ नावाच्या शहरात माओवाद्यांच्या गोळीने एक शाळकरी मुलगा मारला गेला आणि तराई पेटली. पण क्रम नीट पाहिला पाहिजे. त्या अंतरिम संविधानात संघराज्याचा शब्द नव्हता आणि तराईच्या वाढलेल्या लोकसंख्येप्रमाणे मतदारसंघ नव्हते. संघराज्य आणि वाढीव मतदारसंघ मान्य झाल्यावर तो भडका विझला. फेब्रुवारी २००८ मध्ये पुन्हा आंदोलन झाले, आठ कलमी समझोता झाला आणि निवडणूक पार पडली. भांडण पेटले ते वाटा नाकारल्यावर. वाटा दिल्यावर ते मतपेटीत गेले. २०१५ मध्ये हाच धडा उलट्या दिशेने गिरवला गेला. एप्रिलच्या भूकंपात नऊ हजारांच्या आसपास माणसे गेली आणि त्या धक्क्यात बड्या पक्षांनी जूनमध्ये सोळा कलमी सहमती करून सात वर्षे रखडलेले संविधान घाईने पुढे रेटले. प्रांतांच्या सीमा आणि नागरिकत्व यांवर थारू आणि मधेशी यांच्या हरकती बाजूला सारल्या. ऑगस्टमध्ये टीकापूरला पोलीस आणि एक तान्हे मूल मारले गेले, त्यानंतर तराईत पोलिसांच्या गोळ्यांनी अनेक निदर्शक. सगळे मिळून पन्नासच्या आसपास बळी. २० सप्टेंबरला संविधान जारी झाले तेव्हा काठमांडूत दिवाळी होती आणि जनकपूरकडे काळे झेंडे. नंतर सीमेवरची नाकेबंदी सुरू झाली; तिच्यात भारताचा हात नेपाळी जनतेला स्पष्ट दिसत होता आणि त्याची कटुता अजून गेलेली नाही. पण दिल्लीच्या वागण्यावर संतापताना काठमांडूच्या नेत्यांना स्वतःच्या घाईचा विसर पडावा, हे फार सोयीचे झाले.

आता त्या दोन ठिकाणी येतो जिथे खुर्च्या वाढवून भागत नव्हते. पहिले, नागरिकत्व. २००७ मध्ये सरकारी पथकांनी गावोगाव फिरून सुमारे सव्वीस लाख नागरिकत्वाचे दाखले वाटले, हे मोठे काम होते. पण २०१५ चे संविधान एका हाताने कलम ३८ मध्ये स्त्रीला समान वंशीय हक्क देते आणि दुसऱ्या हाताने कलम ११ मध्ये तो काढून घेते. नेपाळी पुरुषाने परदेशी स्त्रीशी लग्न केले तर मूल वंशज नागरिक. नेपाळी स्त्रीने परदेशी पुरुषाशी केले तर मुलाला अंगीकृत नागरिकत्व, आणि अंगीकृत नागरिक राष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश होऊ शकत नाही. बाप कोण हे सांगता येत नसेल तर आईने तसे लिहून द्यायचे. समर्थक म्हणतात, उघड्या सीमेच्या देशाला, शेजारी प्रचंड भारत असताना, ही काळजी घ्यावीच लागते. काळजी खरी असेल, तर ती नेपाळी पुरुषाच्या परदेशी बायकोबाबतही असायला हवी होती. पण तिला तर लग्नानंतर सहज नागरिकत्व मिळत आले आहे. सीमा फक्त बायकांच्या बाजूने उघडी असल्यासारखा हा युक्तिवाद आहे. यातला कडवट भाग पुढे आहे. २०२२ मध्ये नागरिकत्व कायद्यातली दुरुस्ती संसदेने दोनदा मंजूर करून पाठवली आणि देशाच्या पहिल्या स्त्री राष्ट्रपती विद्यादेवी भंडारी यांनी तिच्यावर सही केली नाही. ती पुढच्या वर्षी त्यांचे उत्तराधिकारी रामचंद्र पौडेल यांनी केली. ज्यांना केवळ चेहरे मोजायचे आहेत त्यांनी या प्रसंगाचे उत्तर द्यावे. आणि जे यावरून आरक्षणच फोल ठरवतात त्यांनीही थांबावे: भंडारी राखीव जागेच्या बळावर राष्ट्रपती झाल्या नव्हत्या, त्या आपल्या पक्षाच्या उपाध्यक्ष होत्या आणि पक्षाच्या राजकारणाप्रमाणे वागल्या.

दुसरे ठिकाण म्हणजे न्याय. शांतता करारात साठ दिवसांत बेपत्ता माणसांची नावे जाहीर करण्याचे वचन होते. सत्य निरूपण आणि बेपत्ता व्यक्तींचे असे दोन आयोग नेमायलाच २०१५ उजाडले. सत्य आयोगाकडे त्रेसष्ट हजारांहून अधिक तक्रारी आल्या. बलात्कार आणि लैंगिक हिंसेच्या त्यांत तीनशेच्या आसपास. युद्धात एवढेच घडले असे कुणीही मानत नाही. त्या काळच्या कायद्यात बलात्काराची तक्रार पस्तीस दिवसांत करायची असे, आणि बॅरेकमधून किंवा माओवादी तुकडीतून सुटलेली मुलगी पस्तीस दिवसांत कुणाच्या ठाण्यात जाणार होती? सरकारने मृतांच्या कुटुंबांना अंतरिम मदत दिली, पण बलात्कार आणि छळ सोसलेल्यांना त्या यादीत जागा नव्हती. मदतीची यादी करणाऱ्यांना विधवा दिसत होती. अत्याचार झालेली जिवंत बाई दिसत नव्हती. दोन्ही बाजूंनी आपापल्या माणसांना कसे सांभाळले ते पाहण्यासारखे आहे. २००४ मध्ये काभ्रे जिल्ह्यातली पंधरा वर्षांची मुलगी सैन्याच्या बॅरेकमध्ये छळाने मेली. २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयाने तिघांना जन्मठेप दिली, तीही त्यांच्या गैरहजेरीत. ओखलढुंग्याचे माओवादी नेते बाळकृष्ण ढुंगेल यांची खुनाबद्दलची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कायम केली. ते संविधान सभेत बसत राहिले, २०१७ मध्ये अटक झाली आणि पुढच्याच वर्षी प्रजासत्ताक दिनी त्यांना माफी मिळाली. सैन्य आणि माओवादी दहा वर्षे एकमेकांवर गोळ्या झाडत होते, पण खटले टाळण्याच्या बाबतीत त्यांच्यात कधी मतभेद झाला नाही.

न्यायाचा आग्रह धरला तर शांतता मोडेल, हा युक्तिवाद मी टाळू इच्छित नाही. २००६ मध्ये त्यात तथ्य होते. दोन सैन्ये होती, दोन्हींकडे शस्त्रे होती, आणि तुरुंगाच्या भीतीने कुणी करारातून उठले असते तर हजारो जीव पुन्हा पणाला लागले असते. पण हा युक्तिवाद काळाच्या ओघात झिजला पाहिजे. २०१२ मध्ये माओवादी शिबिरे बंद झाली. जेमतेम चौदाशे लढवय्ये नेपाळी सैन्यात गेले, बहुतेकांनी पाच ते आठ लाख रुपयांचा धनादेश घेऊन घरची वाट धरली. सैन्यात घेतल्या गेलेल्या स्त्रिया शंभराच्या आसपास. तीन हजार आठशेंपैकी एवढ्याच. काहींच्या कडेवर शिबिरातच जन्मलेली मुले होती, आणि आंतरजातीय लग्न केलेल्यांना सासर-माहेर दोन्ही ठिकाणी दार अर्धेच उघडे होते. शिबिरे बंद झाल्यापासून नेपाळमध्ये दुसरे सैन्य नाही. मग त्यानंतरच्या बारा वर्षांत न्याय कुणाच्या बंदुकीच्या भीतीने थांबला होता? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये गंभीर गुन्ह्यांना माफी देण्याच्या तरतुदी रद्द केल्या आणि २०२० मध्ये सरकारचा फेरविचाराचा अर्जही फेटाळला. तरी कायदा बदलायला ऑगस्ट २०२४ लागला. त्या दुरुस्तीने बलात्काराला माफी नसलेल्या गुन्ह्यांत घातले, ही जमेची बाजू. २०२५ च्या मे महिन्यात नवे आयोग नेमले गेले तेव्हा पीडितांच्या संघटनांनी नेमणुकांच्या पद्धतीवरच हरकत घेतली.

खुर्ची आणि सत्ता यांतल्या या अंतराचा उलगडा सुशीला कार्की यांची कहाणी करते. २०१६ मध्ये त्या पहिल्या स्त्री सरन्यायाधीश झाल्या तेव्हा राष्ट्रपती आणि संसदेच्या सभामुख (सभापती) याही स्त्रियाच होत्या. सभामुख ओनसरी घर्ती रोल्पाच्या, माओवादी युद्धातून आलेल्या. या तिन्ही पदांवर स्त्रिया, म्हणून नेपाळचे कौतुक झाले आणि ते रास्त होते. पण न्यायालयाने पोलीस प्रमुखाच्या नेमणुकीत सरकारला रोखले, आणि एप्रिल २०१७ मध्ये सत्तेतल्या नेपाळी काँग्रेस आणि माओवादी केंद्र या दोन पक्षांनी कार्कींवर महाभियोग आणला. तो टिकला नाही. आठ वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, भ्रष्टाचार आणि समाजमाध्यमांवरील बंदीविरुद्ध तरुण रस्त्यावर आले, सत्तरहून अधिक माणसे मेली, सरकार कोसळले, आणि १२ सप्टेंबरला त्याच कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या. नेपाळला पहिली स्त्री पंतप्रधान मिळाली ती यादीतून नव्हे आणि उपप्रमुखपदाची पायरी चढूनही नव्हे. ज्या पक्षांनी वीस वर्षे समावेशनाचे आकडे मिरवले त्यांच्यापैकी एकानेही तोवर त्या पदासाठी स्त्रीचे नाव पुढे केले नव्हते.